दगडाचं पोट

मल्लेश धोत्रे यांना जाऊन बावीस दिवस झाले होते आणि नागपूरच्या संस्थेनं पत्र त्यांच्याच नावानं पाठवलं होतं. पाकिटावर ‘श्री.’ होतं, ‘कै.’ नव्हतं. त्यांच्या मुलीनं, प्रणितानं, ते वणीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातच उघडलं. ती तिथली ग्रंथपाल. घरी आत्या होती, आणि आत्यापुढे कुठलाही कागद फोडला की तो मोठ्यानं वाचून दाखवावा लागे.

पत्र चार ओळींचं होतं. खडकडोह संग्रह, नमुने चारशे बारा. संकलक, मल्लेश पोशम धोत्रे, प्रयोगशाळा परिचर, निवृत्त. स्तरवाचकाने दिलेला जीवांक एकोणीस, निष्कर्ष अजैव. सबब संग्रहाचे निर्लेखन करण्याचे योजिले असून मूळ खडकावरील उत्खननबंदी उठविण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.

पत्र टपालात बारा दिवस फिरलं होतं. म्हणजे उरले अठरा.

निर्लेखन हा शब्द प्रणिताच्या रोजच्या वापरातला होता. दर मार्चमध्ये वाळवी लागलेल्या पुस्तकांची यादी करून ती त्याखाली हाच शब्द लिहायची आणि सही करायची. आपल्या बापाची एकतीस वर्षं त्याच शब्दात मावतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं पत्राची घडी घातली, समोर उभ्या असलेल्या मुलीला तिचं पुस्तक दिलं, परतीची तारीख सांगितली, आणि दुपारच्या बसनं नागपूर गाठायचं ठरवलं.

तिच्या वडलांचं, आप्पांचं, काम खडक कापायचं होतं. कापायचं म्हणजे इतकं पातळ, की तीस काप एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरावा. मग तो काप काचपट्टीवर चिकटवायचा, आणि दगडातून काचेसारखा उजेड आरपार जायचा. प्राध्यापक सूक्ष्मदर्शकातून जे पाहत, ते आधी आप्पांच्या बोटांखालून गेलेलं असे. खडक घासायच्या कार्बोरंडमच्या पुडीनं ती बोटं इतकी घासली गेली होती की हजेरीच्या यंत्रावर त्यांचा अंगठा कधी उमटलाच नाही. एकतीस वर्षं सगळी संस्था अंगठा लावून आत गेली आणि आप्पा वहीत सही करून.

त्याआधी ते आपल्या वडलांबरोबर आणि बहिणीबरोबर खडकडोहच्या खाणीत पाथरवटाचं काम करत. पैनगंगेच्या काठची ती चुनखडी शंभर कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं, आणि समुद्रात जे जगत होतं ते डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं नव्हतं, असं पुस्तकं सांगतात. पण त्या खाणीच्या एका कड्यात आप्पांना बोटाएवढ्या आकृत्या दिसल्या होत्या. एका टोकाला चकती, तिच्यातून निघालेला दांडा, आणि सगळे दांडे एकाच बाजूला कललेले. शेकडो होत्या, ओळीनं. आप्पा त्यांना ‘रोपं’ म्हणत. संस्थेत लागल्यावर दर दिवाळीच्या सुट्टीत ते खडकडोहला जात आणि पिशवीभर दगड आणत. डॉ. विनायक देवपुजारी यांनी २००३ साली, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी, त्यांवर शोधनिबंध लिहिला आणि सिद्ध केलं की ते बुडबुडे आहेत. ओल्या गाळातून वायू वर चढला, वरच्या चिवट थराखाली अडकून चकतीसारखा पसरला, त्याच्या वाटेचा दांडा झाला. निबंधाच्या शेवटी आप्पांचे आभार मानले होते.

*

“मल्लेशचे हात म्हणजे सोनं होतं,” देवपुजारी सर म्हणाले. सत्त्याहत्तराव्या वर्षीही ते रोज संस्थेत येत. “दहनाला येता आलं नाही गं. गुडघा.”

“तुमचा फोन आला होता, सर. पोचला.”

प्रणिताला या खोलीतली प्रत्येक मांडणी पाठ होती. सुट्टीत आप्पा तिला कामावर घेऊन येत आणि सर तिला आपल्या कपाटांपाशी बसवत. ‘वाच काय वाचायचं ते, फक्त पानं दुमडू नकोस.’ ती जे काही वाचायला शिकली ते या खोलीत. हे ती विसरली नव्हती, आणि म्हणूनच पत्र टेबलावर ठेवताना तिला जरा जड गेलं.

सरांनी ते लांब धरून वाचलं. “हे मला दाखवलं असतं तर आभाराच्या दोन ओळी तरी घालायला लावल्या असत्या. पण निष्कर्ष काही बदलला नसता, प्रणिता. तुला राग येईल, तरी सांगतो.”

“राग नाही आला. मला तो स्तरवाचक, ते यंत्र बघायचंय.”

यंत्र तळमजल्यावर होतं आणि निखत शेख ते चालवायची. पस्तिशीची, भराभर बोलणारी. तिनं प्रणिताला स्टूल दिलं आणि पडद्यावर एक नमुना उघडला.

“हे बघा ताई. आधी हा दगडाच्या आत बघतो, न कापता, कण न् कण. तोपर्यंत ठीक आहे, ते पूर्वीही करत. पुढची गंमत अशी, की हा तोच दगड पुन्हा घडवतो. आपल्या आत, गणितानं. दहा लाख वेळा. अर्ध्या वेळा नुसता गाळ, वायू, मीठ, उष्णता, दाब घालून. अर्ध्या वेळा त्यात काहीतरी जिवंत घालून. मग खरा दगड कुठल्या ढिगाशी जास्त जुळतो ते बघतो. शंभरपैकी जुळणी, तो जीवांक. तीसच्या खाली अजैव. सत्तरच्या वर जैव.”

“आणि मधे?”

“मधे अनिर्णित. पण लाखात एखादा. म्हणून तर सगळ्यांनी डोकं लावणं सोडलं.” ती हसली. “पूर्वी एका डागावरून दोन प्राध्यापक वीस वर्षं बोलत नसत म्हणे.”

पडद्यावर आप्पांचा दगड हळूहळू फिरत होता. चकत्या वर, दांडे खाली लोंबलेले. वरच्या पृष्ठावर गेरूचा लाल ठिपका. तो ठिपका प्रणिताला ओळखीचा होता. आप्पा काप काढतानाही पेनानं खूण करत नसत, गेरूच्या खड्यानं करत.

“याला बाहेरून काय सांगावं लागतं?” तिनं विचारलं.

“एकच गोष्ट. वर कुठे. वायू वर जातो, गाळ खाली बसतो, सगळं त्यावर आहे. आणि ही चुनखडी इतकी एकसारखी आहे की दगडावरून ते कळत नाही. ते खुणेवरून घेतो.” निखतनं ठिपक्यावर बोट ठेवलं. “सगळ्या चारशे बारांवर आहे. तुमचे वडील फार नीटनेटके होते.”

प्रणितानं मान हलवली. आपण कशासाठी आलो होतो हे तिलाच नीट सांगता आलं नसतं. आप्पांनी शेवटच्या आजारात या दगडांचं नावही काढलं नव्हतं. फक्त एकदा, टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या जीवाश्माची बातमी लागली तेव्हा ते म्हणाले होते, “आमचीही उभीच होती.” तिला वाटलं तापात बोलतायत.

*

आत्याचं नाव पोशक्का. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आप्पांपेक्षा सात वर्षांनी मोठी, जिभेची छिन्नी अजून धारदार. भावाच्या दिवसांसाठी खडकडोहहून वणीला आली होती आणि सव्वा महिना होईपर्यंत हलणार नव्हती. घरात बसून राहणं तिला जमत नसल्यामुळे तिनं पुतणीची पुस्तकांची कपाटं पुसायला घेतली होती.

“एवढी पुस्तकं वाचून तू बोलत काहीच नाही. आत जमा करून ठेवते काय?”

“लागेल तेव्हा काढेन.”

“मंग काढ. भाऊ गेला माहा. बाप गेला तुहा. रडली नाही तू, म्या पायलं.” आत्यानं वरच्या फळीवरचा दगड दोन्ही हातांनी उचलला, फडक्यानं पुसला, आणि परत ठेवताना थांबली. “याले उताणा काहून ठेवला व तू?”

तो दगड वीस वर्षं त्या फळीवर होता. आप्पांनी तिला नोकरी लागली तेव्हा दिलेला. पुस्तकं पडू नयेत म्हणून टेकू. लाल ठिपका वर, चकत्यांची ओळ दिसेल असा.

“उताणा म्हणजे?”

“उताणा म्हंजे उताणा. मेलेल्या मानसासारखा. गेरू पोटाले लावतात, पोरी. पोट खाली.” तिनं दगड पालथा करून ठेवला आणि फडक्यानं हात झटकला.

प्रणिता खुर्चीतून उठली. “आत्या, थांब. गेरू पोटाला लावतात म्हणजे काय? नीट सांग.”

“त्यात काय नीट सांगाचं? पहार घालून थर उचलला की दगड उलटा होते, पोट वर येते. तवाच गेरू लावून टाकाचा. कारन की मंग गाडीत चढला, उतरला, दहा हात लागले, तर कोनाले समजन पोट कोनतं अन पाठ कोनती? गवंड्यानं दगड बसवला तर जसा जमिनीत निजला व्हता तसाच बसवला पायजे. उलटा बसवला की पाच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. गेरू दिसला की गवंडी थो भाग चुन्यात दाबते. गेरू गेला पोटाखाली, भित साफ.” तिनं पुतणीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “दिसाच्या बाजूले कोनी रंग फासते काय?”

“आप्पांनीही तसंच...”

“माह्या बापानं शिकवलं दोघाले. मल्लेशले दोन थापडा बसल्या व्हत्या त्याच्यापायी. मरेपर्यंत चुकला नसन.”

प्रणिता फळीपाशी गेली. पालथ्या दगडात चकत्या आता खाली होत्या. त्यांतून बारीक धागे गाळात घुसले होते, आणि दांडे वर निघून सगळे एका बाजूला झुकले होते, वाऱ्यावर कललेल्या पिकासारखे. पाण्याच्या ओढीनं. ही लोंबत नव्हती. उभी होती.

तिनं त्या दगडाशेजारी वीस वर्षं चहा प्यायला होता. बापाला कधी विचारलं नव्हतं, की आप्पा, हा कसा ठेवायचा?

“आता काहून रडते?” आत्या म्हणाली. तिनं फडकं खाली ठेवलं आणि पुतणीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

*

निखतनं फोनवर सगळं ऐकून घेतलं, ‘एक मिनिट’ म्हणाली आणि चाळीस मिनिटांनी परत फोन केला.

“ताई, अठ्ठ्याहत्तर.”

“म्हणजे?”

“खूण उलटी धरून पुन्हा चालवलं. जीवांक अठ्ठ्याहत्तर. हा शंभर कोटी वर्षांचा, मुळं असलेला, वाढून उभा राहिलेला जीव आहे. जगातल्या पुस्तकांची पहिली प्रकरणं बदलतील.” तिचा आवाज नेहमीच्या वेगात नव्हता. “पण हे मी गुपचूप केलंय. नोंद बदलायची तर कारण द्यावं लागतं. तुम्ही या.”

हरकतीच्या मुदतीचे चार दिवस राहिले होते. मुदत शुक्रवारी संपत होती आणि सोमवारी कड्याला सुरुंग लागणार होता. सिमेंटच्या कारखान्याकडे रीतसर परवाना होता, त्यांची काही चूक नव्हती. त्यांना कागदानं सांगितलं होतं की तो नुसता दगड आहे.

नोंददुरुस्तीच्या अर्जात कारणाच्या रकान्याला तीन पर्याय होते. संकलकाची चूक. वाहतुकीतील चूक. उपकरणातील चूक.

“वाहतूक नाही, ती नोंद स्वच्छ आहे,” निखत म्हणाली. “उपकरण तर नाहीच.”

“‘इतर’ नाही?”

“होतं. लोक काहीबाही लिहायला लागले म्हणून काढलं.”

देवपुजारी सर खाली आले होते. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले होते आणि ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. प्रणिताला अपेक्षा होती की ते वाद घालतील. त्यांनी घातला नाही.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं. हे मी लिहीन, माझ्या सवडीनं, माझ्या शब्दांत. पण आज तो प्रश्न नाही. आज कडा वाचवायचाय. पहिल्या पर्यायावर वारसाची सही लागते. तू सही कर. संध्याकाळपर्यंत बंदी परत लागेल. आणि या जीवाला मी मल्लेशचं नाव देईन. जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तुझ्या वडलांचं नाव जाईल, प्रणिता.”

“आणि नोंदीत?”

निखतनं सांगितलं. संकलकाची चूक एकदा लागली की त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नमुन्यावर पिवळी पट्टी येते, अविश्वसनीय म्हणून. चारशे बारांवरच नव्हे, आप्पांनी एकतीस वर्षांत कापलेल्या सगळ्या कापांवर.

“ती पट्टी कुणी बघतही नाही,” सर म्हणाले.

“मी बघेन.”

“औपचारिकता आहे गं.”

“सर, चूक भटकते,” प्रणिता म्हणाली. ती सावकाश बोलत होती. “पुस्तकं लावताना माणूस चुकतो, तेव्हा एक इकडे जातं, एक तिकडे. चारशे बारा दगडांवर एकदाही न भटकता एकाच बाजूला खूण आहे. ही चूक नाही, पद्धत आहे. ज्याला ती वाचता आली नाही त्याची चूक. त्याचा पर्याय या कागदावर नाही, म्हणून ती माझ्या बापाच्या नावावर टाकायची?”

“मल्लेशनं संस्थेची पद्धत शिकून घ्यायला हवी होती.”

“ते तुम्हाला म्हणाले होते का, की ही उभी आहेत?”

सरांनी खिडकीकडे पाहिलं. “म्हणाला होता. एकदा. मी हसलो होतो.” मग म्हणाले, “त्यानंतर नाही म्हणाला.”

प्रणितानं अर्ज घडी न करता टेबलावर परत ठेवला.

“तू बापाचं नाव राखायला बापाचं काम बुडवतेयस,” सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “सोमवारी तिथे खडी असेल. मग बस तुझी पद्धत सांगत.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिला कळत होतं. आप्पा असते तर त्यांनी सही केली असती. खाली मान घालून, वहीत करायचे तशी. पण आप्पा नव्हते, आणि सही तिला करायची होती.

“निखत,” ती म्हणाली, “खूण नसतीच तर यंत्र काय करतं?”

“नमुना परत पाठवतं.”

“आणि दगड जागेवरच असेल तर? कड्यातच? तिथे वर कुठे, हे कुणाला विचारावं लागेल?”

निखत तिच्याकडे वळली. “कुणालाच नाही. फिरतं वाचक आहे आपल्याकडे, गाडीवर जातं. जागेवरचं वाचन म्हणतात त्याला. हरकतदार मागू शकतो, दोन दिवसांत द्यावं लागतं.” मग तिनं आवाज खाली आणला. “पण ताई, नियम ऐका. जागेवरचं वाचन अंतिम असतं. त्यावर अपील नाही, आणि आधीचे सगळे आकडे रद्द. तो कडा चाळीस वर्षं ऊन खातोय, नदीचं पाणी पितोय. झिजलेल्या दगडात आकडा पडतो. तीसच्या खाली गेला तर कडाही गेला आणि संग्रहही. सही केलीत तर अठ्ठ्याहत्तर हातात आहे.”

“खोट्या कारणावर.”

“हो.”

“सगळं जाऊ शकतं, हे कळतंय मला,” प्रणिता म्हणाली. “तरी जागेवर वाचायचं. अर्ज दे.”

सर उठले आणि काठी टेकत निघून गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

*

गुरुवारी सकाळी गाडी खडकडोहला पोचली तेव्हा आत्या कड्याखाली आधीच येऊन बसली होती, पदर डोक्यावर, जवळ पाण्याची कळशी. मागच्या गाडीतून देवपुजारी सर उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खाणीच्या उतरणीवर त्यांचा गुडघा अडला, तेव्हा प्रणितानं हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला.

निखतनं तिपाई रोवली. वाचक दिसायला साधा होता, एक करडी पेटी आणि पुढे नळी. तो कड्याकडे तोंड करून घुमायला लागला.

“किती वेळ?” आत्यानं विचारलं.

“तीन तास, आजी.”

“मल्लेश एका नजरेत सांगे.”

“मग यंत्राला नजर शिकवायला हवी,” निखत म्हणाली.

“शिकवाले मानूस पायजे न. तुमी त्याले कापाले बसवला.” आत्यानं सरांकडे पाहिलं. “तुमीच ते सर काय? बसा. उन्हात उभे नोका राहू, मंग माह्यावर येईन.”

सर तिच्याशेजारच्या दगडावर बसले. तिनं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन सर म्हणाले, “मी इथे कधी आलोच नव्हतो. नमुने टेबलावर यायचे.”

“येतच व्हते न. आननारा व्हता,” आत्या म्हणाली.

प्रणिता उभीच होती. तिनं फार वाचलं होतं, आणि तिला ठाऊक होतं की पुस्तकांत अशा वेळी आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर जातो. इथे कड्यावर ऊन चढत होतं आणि दगडाच्या कडा भुसभुशीत दिसत होत्या. आपण हरलो तर आत्याला काय सांगायचं हे ती मनाशी जुळवत होती, आणि प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. पण सही केली असती तर बरं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

यंत्राचा आवाज थांबला. निखतनं पडदा हातानं झाकून पाहिला.

“चौपन्न.”

“म्हंजे पास का नापास?” आत्यानं विचारलं.

“दोन्ही नाही, आजी. अनिर्णित. यंत्राला सांगता येत नाही.” निखतनं पडदा प्रणिताकडे वळवला. “ताई, मी हे पहिल्यांदाच बघतेय. बघा काय आलंय. मानवी निरीक्षण आवश्यक. तोवर कड्याला हात लावता येणार नाही, संग्रहालाही नाही. पण चोवीस तासांत निरीक्षकाचं नाव आणि मत भरावं लागेल, नाहीतर प्रकरण बंद होतं.”

सर उठले होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काठी बाजूला टाकली आणि कड्यापुढे गुडघे टेकले. त्या गुडघ्यांना ते फार जड गेलं, पण कुणी मदतीला गेलं नाही. ते एकेका चकतीवरून भिंग नेत होते, खालून वर, पुन्हा खालून वर. एका जागी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि नुसतं बोट फिरवलं.

“मुळं आहेत,” ते म्हणाले. “गाळ धरून ठेवलाय त्यांनी. बुडबुडा गाळ धरत नाही.” त्यांनी मान वर केली. “निखत, माझं नाव घाल. देवपुजारी म्हटल्यावर दिल्लीच्या मुख्य कार्यालयात कुणी प्रश्न विचारणार नाही.”

निखतनं प्रणिताकडे पाहिलं.

“तुमचं दुसरं घाला, सर,” प्रणिता म्हणाली.

“दुसरं?”

“पहिला निरीक्षक तुम्ही नाही. इथे माणसानं बघून मत द्यायचंय ना? ते दिलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी, याच जागी बघून, आणि तुम्हालाच सांगून.”

सर कड्याला हात टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा उन्हानं किंवा आणखी कशानं लाल झाला होता. ते म्हणाले, “बरोबर आहे. दुसरं घाल.”

प्रणितानं निखतच्या हातातली नोंदीची पाटी आपल्याकडे घेतली आणि स्वतः भरलं. निरीक्षक, मल्लेश पोशम धोत्रे. व्यवसाय या रकान्यात तिनं पाथरवट लिहिलं, आणि मत या रकान्यात ‘उभी आहेत’. तिनं बटण दाबलं.

यंत्र एकदा वाजलं.

“नाकारलं,” निखत म्हणाली. “निरीक्षक नोंदणीकृत नाही म्हणतंय. ताई, सरांचं पहिलं टाकलं तर एका मिनिटात होईल.”

प्रणितानं पुन्हा भरलं. यंत्र पुन्हा वाजलं.

“ताई, तिसऱ्यांदा नाकारलं की ते यंत्राच्या हातातून जातं. दिल्लीत खऱ्याखुऱ्या माणसाच्या टेबलावर. निकाल लागेपर्यंत कड्याला हात नाही, पण तो फोन करतो आणि विचारतो, हा कोण, यानं काय पाहिलं, तुम्ही याचं नाव का घालताय. महिनोन् महिने विचारतात ते लोक. डोकं उठवतात.”

“विचारू दे,” प्रणिता म्हणाली. “सगळं सांगेन.”

आणि तिनं तिसऱ्यांदा बापाचं नाव लिहायला घेतलं.